कच्चं काही नाही

डॉक्टरीणबाईंनी खाण्याच्या यादीतल्या सहाव्या ओळीवर आडवी रेघ मारली तेव्हा त्याचं लक्ष रेघेकडे नव्हतंच, कागदाच्या कडेकडे होतं. कागद वाकडा कापलेला होता. वरच्या टोकाला समास चांगला बोटभर, आणि खाली येता येता तो इतका निमुळता झालेला की शेवटच्या ओळीतलं पहिलं अक्षर कडेला टेकलं होतं. गठ्ठा ठोकून सारखा न करताच कुणीतरी मशीनखाली सारला असणार. हा एकच कागद नव्हे, वरचे-खालचे पाचशे असेच गेले असतील, आणि पाचशे माणसांना आपण काय खायचं आणि काय नाही हे असं वाकडं कळलं असेल. एकतीस वर्षं बुकबाइंडिंगच्या कारखान्यात कापण्याच्या मशीनवर काढलेल्या माणसाला एवढं दिसणारच. कारखान्यात त्याला सगळे काटकोन म्हणत, मालकसुद्धा, आणि तो नसताना नव्हे, तोंडावर. त्याला एकदम राग आला, कानशिलं तापली, आणि आपण नेमके कशावर चिडलोय हे उमगायच्या आत त्यानं मान वर केली, तर बाई त्याच्याकडेच बघत होत्या.

"कच्चं काही नाही," त्या म्हणाल्या. "आजपासून. ऐकताय ना?"

"हो," तो म्हणाला.

बायको शेजारच्या खुर्चीत हनुवटीखाली रुमाल धरून बसली होती. अर्धा तास तिची तपासणी चालली होती. चमचाभर पाणी, मग अर्धा चमचा दही, मग बिस्किटाचा नखाएवढा तुकडा, प्रत्येक वेळी बाई तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून घसा वर सरकतो की नाही ते बघत, आणि मग म्हणत, "आता 'आ' म्हणा." तिनं 'आ' म्हटलं की आवाज ओला यायचा, पाण्याखालून आल्यासारखा. पाणी जिथे जायचं तिथे न जाता दाराशी रेंगाळतंय, असं बाईंनी समजावून सांगितलं. नसा थकत चालल्या आहेत, आणि त्या ज्या वेगानं थकतायत तो वेग बाईंना पसंत नव्हता. काकडी, टोमॅटो, सॅलडची पानं हे सगळ्यात वाईट. बाहेरून कडक आणि आत पाणी. घशाला एका वेळी दोन गोष्टींकडे बघावं लागतं, आणि आता त्याला एकीकडेसुद्धा बघवत नाही. "आणि पोटातल्या नळीचं ठरवा," बाई म्हणाल्या. "वजन आणखी उतरलं तर ती घालणंही अवघड होईल. मी तिसऱ्यांदा सांगतेय." बायकोनं खिडकीकडे तोंड फिरवलं. नळीचा विषय निघाला की ती खिडकी शोधायची, ही तिसरी खिडकी होती.

त्याच्या पायाशी कापडी पिशवी होती. इस्पितळाच्या मागेच भाजीबाजार भरतो, आणि अकरानंतर तिथे पानं मिळतात ती मान टाकलेली, म्हणून तो येतानाच भाजी घेऊन आला होता. तीन काकड्या, चार टोमॅटो, सॅलडच्या पानांचा एक गड्डा, मुळे, कांद्याची पात, दोन लिंबं. भाजीवालीनं पानांवर पाणी शिंपडलेलं होतं, ते पिशवीच्या तळातून झिरपून फरशीवर हळूहळू पसरत चाललं होतं. बाईंनी ते पाणी पाहिलं, पिशवीच्या तोंडातून वर डोकावणारी पात पाहिली, आणि नजर टेबलावर आणली. त्यानं बुटानं ते पाणी पुसायचा प्रयत्न केला, तर ते आणखीच पसरलं.

परतताना बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. वाहकानं तिचा जुना पास न बघताच मान हलवली, कारण ती बावीस वर्षं बसच्या आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर होती आणि जुने वाहक तिला ओळखत. त्या खिडकीनं तिला बोलकं केलं होतं की बोलकी म्हणूनच तिला ती खिडकी मिळाली होती, हे त्याला कधी कळलं नाही. पण संध्याकाळी ती घरी आली की पायातल्या चपला काढायच्या आत सुरू व्हायची. आज कवळी आली, खालची, आणि गंमत म्हणजे परवा वरची आली होती ती दुसऱ्याच माणसाची. आज एक बाई छत्री न्यायला आली आणि ती आपली नाही म्हणाली, पण नेली. आज एक जण शिट्ट्यांचा अख्खा डबा विसरला, वीसएक असतील, आम्ही सगळ्यांनी वाजवून बघितल्या. तो जेवत असायचा. तो नुसतं हं म्हणायचा, कधी तेही नाही, आणि तिला तेवढं पुरायचं. आता तिचे शब्द घासून घासून त्यांच्या कडा गेल्या होत्या. आधी 'र' गेला, मग 'क', मग ओठांची सगळी अक्षरं. लेकीला फोनवर तिचं बोलणं समजेनासं झालं तेव्हापासून तो कारखान्यातून कागदाच्या पट्ट्या आणायला लागला. पुस्तक तिन्ही बाजूंनी छाटलं की लांबलचक कात्रणं पडतात, दोन बोटं रुंद. त्यांच्यावर ती पेन्सिलीनं एकेक ओळ लिहायची. पट्टी संपली की वाक्य संपवायचं. पण त्याच्याशी ती अजून तोंडानंच बोलायची. त्याला कळायचं. कसं कळायचं ते त्याला सांगता आलं नसतं, पण उरलेल्या स्वरांमधून तो तिचा शब्द ओळखायचा, जसा कागद न बघता नुसत्या बोटांनी त्याला त्याची जाडी कळते.

बस सिग्नलला थांबली. तिनं काचेवर डोकं टेकलं होतं. तिच्या मानेवरची मागची दोन हाडं उन्हात वर आलेली दिसत होती. त्याला एकदम आठवलं की हे आपण केलेलं आहे, हे उतरत जाणं, आपल्या हातांनी, सुरीनं. पहिल्यांदा ती ठसकली ते दोन वर्षांपूर्वी, टोमॅटोच्या चकतीनं. दोघांनाही त्यात काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं चकत्या मधोमध चिरल्या, अर्धचंद्र केले, न सांगता. महिन्याभरानं अर्धचंद्राचे चौकोन झाले. मग चौकोन लहान झाले, मग आणखी लहान. मुळा किसला जायला लागला, मग काकडी. तिनं एकदाही विचारलं नाही. फक्त एकदा, फोडी अगदी डाळीएवढ्या झाल्या तेव्हा, चमचा उचलून त्या न्याहाळत ती म्हणाली होती, "काटकोन, माप चुकलं का हो?" आणि तो म्हणाला होता, "सुरीला धार जास्त झालीय." त्यावर ती हसली होती. आणि आता रेघ. डाळीच्या खाली काही माप नव्हतं.

सॅलड हे त्यांच्या घरात आलंच कसं, तर एका चुकीच्या कागदामुळे. लग्नाला चार महिने झाले होते. एका खोलीत संसार, आणि गॅसची टाकी संपून अकरा दिवस झाले तरी नवी येत नव्हती. त्याच वेळी कारखान्यात स्वयंपाकाचं एक जाडजूड पुस्तक बांधायला आलं होतं आणि त्यातला एक फर्मा छपाईत डाग पडून रद्द झाला होता. तो त्यानं घडी घालून घरी आणला, कपाटाच्या फळीवर अंथरायला. फर्मा म्हणजे सोळा पानांचा एकच मोठा कागद; घडी घालून कापल्याशिवाय पानं ओळीनं लागत नाहीत, पाचव्या पानाशेजारी बारावं उलटं डोकं करून असतं. तिनं तो जमिनीवर पसरला आणि कागदाभोवती गुडघ्यांवर फिरत फिरत वाचून काढला. चूल न पेटवता होणारं त्यात एकच होतं. भाज्या कशा धुवाव्यात, पानं पुसून कोरडी का करावीत, कापण्याऐवजी हातानं का फाडावीत, हे सगळं होतं. मग ड्रेसिंग: लसूण मिठात ठेचा, वाटलेली मोहरी घ्या, लिंबाचा रस, आणि मग सर्व घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून. तिथे पान संपलं. पुढचं पान पुढच्या फर्म्यावर होतं, आणि तो फर्मा चांगला छापलेला होता म्हणून तो पुस्तकात गेला. "उद्या बघून या ना पुढे काय आहे," ती म्हणाली. तो दुसऱ्या दिवशी विसरला, तिसऱ्या दिवशी पुस्तकं बांधून गेली. तिनं अंदाजानं पुरं केलं. तेल रसाच्या तिप्पट घातलं, मध घातला, बाटली हलवली. तेल आणि रस एकमेकांना सोडून राहतात, पण मोहरी पडली की घट्ट पिवळसर होऊन एकत्र येतात, हे पाहून ती म्हणाली होती, "घ्या, मोहरी तुमच्याच बांधणीच्या धंद्यातली निघाली." तीस वर्षं ते त्या अर्ध्या कृतीवर जेवले. खऱ्या पुस्तकात मध होता की नव्हता, देव जाणे.

घरी आल्यावर तिला पलंगावर बसवून त्यानं पिशवी दाराशीच ठेवली आणि चपला परत पायात सरकवल्या.

"कुठे?" ती म्हणाली. म्हणजे 'उ-ए' असं काहीतरी.

"शेजारच्या वहिनींना देऊन येतो हे. उगाच वाया जायचं."

"द्यायचं नाही."

"अगं, आपण काय करणार त्याचं?"

ती उठली. भिंतीला एक हात लावत स्वयंपाकघरात गेली आणि मोठं भांडं नळाखाली धरलं. पाणी भरायला लागलं. तो दारात पिशवी घेऊन उभा राहिला. तिच्या मनात काय आहे ते त्याला कळत नव्हतं, आणि कळायला लागलं तशी त्यानं पिशवी पाठीमागे घेतली. तिनं वळून पिशवीकडे हात केला. "पानं," ती म्हणाली.

"बाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना तू? का मी एकट्यानंच ऐकलं?"

"पानं," ती म्हणाली.

मग त्यानं पानं दिली. ती एकेक पान सुटं करून पाण्यात बुडवत होती, उलटं करून देठाशी अंगठा फिरवत होती, जिथे माती बसते तिथे. तिच्या हातांत अजून जोर होता. रोग वरून खाली येत होता आणि हातांपर्यंत पुरता पोचला नव्हता. त्यानं टेबलावर धुतलेला पंचा पसरला. ती पान द्यायची, तो ठेवायचा, दोन्ही बाजूंनी टिपायचा. ओल्या पानाला ड्रेसिंग धरत नाही, खाली ओघळून जातं. हे काम त्यांनी इतक्या वेळा केलं होतं की मध्ये एकाचाही हात थांबला नाही, आणि त्या तेवढ्या वेळात, दहाएक मिनिटं असतील, त्याला इस्पितळाचा विसर पडला. नंतर तो विसर आठवून त्याला स्वतःची लाज वाटली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. त्यानं काकडी घेतली, सोलली, आणि सवयीनं किसणी काढली. तिनं किसणी त्याच्या हातातून घेऊन मागे ठेवली.

"चकत्या," ती म्हणाली. "जाड. पहिल्यासारख्या."

त्यानं चकत्या केल्या. मुळ्याच्या केल्या, टोमॅटोच्या केल्या. सुरी लाकडावर टक टक वाजत होती आणि तो आवाज किती दिवसांत घरात झाला नव्हता हे त्याला आत्ता जाणवलं. ती खुर्चीत बसून खलबत्त्यात लसूण ठेचत होती. ठेचून झाल्यावर तिनं मोहरी घातली, मध घातला, लिंबं मात्र त्याला पिळायला दिली. सगळं जॅमच्या रिकाम्या बाटलीत गेलं. झाकण त्यानं लावलं. बाटली हलवायला मात्र तिनं स्वतःकडे घेतली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि हलवायला लागली, सगळं अंग हलत होतं, केस सुटून तोंडावर आले तरी ती थांबेना. "पुरे गं," तो म्हणाला. बाटली घट्ट पिवळी झाली होती. तिनं ती उजेडात धरून बघितली, थर फुटलाय का, नाही. मग तिनं टेबलावर एक ताटली ठेवली. एक काटा.

"एकच?" तो म्हणाला, आणि त्याला जरा हायसं वाटलं.

"तुम्हाला."

"मला भूक नाही. मी कारखान्यात—"

"आज तुम्ही कारखान्यात गेलाच नाहीत."

 तिनं खणातून पट्टी काढली. हे लांब असणार होतं आणि तिला ते अर्धवट कळलेलं नको होतं. ती लिहीत असताना तो पेन्सिलीकडे बघत होता, उलट्या बाजूनं अक्षरं वाचत. फर्म्यातली उलटी पानं वाचून वाचून त्याला ते सहज जमे. सात महिने तुम्ही चोरून खाता, तिनं लिहिलं. ओट्याशी उभं राहून. नळ सोडून. पट्टी संपली. तिनं दुसरी घेतली. मला कमी ऐकू येत नाही, फक्त गिळता येत नाही.

 तिला सगळं माहीत होतं. म्हणजे नळाच्या धारेखाली त्यानं घाईघाईनं तोंडात कोंबलेली पोळी, न चावता गिळलेले बटाटे, बशी विसळून जागेवर ठेवणं, ओठ पुसून बाहेर येणं आणि 'आज कारखान्यात बरंच झालं खाणं' म्हणणं, हे सगळं ती पलीकडच्या खोलीतून ऐकत पडलेली होती. रोज. दोन वेळा.

"तुला त्रास नको म्हणून," तो म्हणाला. "तुझ्यासमोर मी कसं खाणार? तू सांग. तू असं वाटीतलं पातळ चमच्यानं घेत बसणार आणि मी समोर—"

"हो," ती म्हणाली.

"मला नाही जमायचं ते."

ती पुन्हा लिहायला लागली. या वेळी सावकाश, आणि पट्टी त्याच्याकडे वळवून, म्हणजे त्याला उलटं वाचावं लागू नये. लेक आली की तीही बाहेर जाऊन खाते. घरात ताटलीचा आवाज होत नाही. मी झोपून असते आणि मला वाटतं मी गेलेलीच आहे, फक्त मला कुणी सांगितलेलं नाही.

हे वाचून तो खुर्चीत बसला. मग त्यानं भाज्या मोठ्या भांड्यात घातल्या, पानं फाडून टाकली, बाटली उपडी केली आणि हातानंच सगळं वरखाली केलं. पानं चकचकायला लागली. लसणाचा, लिंबाचा, ताज्या कापलेल्या काकडीचा वास उठला. तिनं डोळे मिटून घेतले. वास तिला अजून येत होता, पूर्वीपेक्षा जास्तच येत होता म्हणायची. त्यानं ताटलीत वाढून घेतलं आणि काटा हातात घेऊन नुसता बसून राहिला. मग तिचा हात पुढे आला. त्याला वाटलं, ताटली पुढे सरकवतेय. तिनं काकडीची एक चकती उचलली आणि तोंडात घातली.

"ए," तो म्हणाला.

तिनं तळहात वर केला. थांबा. दुसऱ्या हातात तिनं वाटी हनुवटीशी धरलेली होती. हे तिनं आधीच ठरवलेलं होतं तर. ती चावत होती. डोळे मिटून, हळूहळू, गाल आतून ढकलत, जीभ नीट वळत नव्हती तरी चकती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेत. चकती तिच्या दातांखाली मोडल्याचा कुरकुर आवाज आला. तिच्या तोंडावर असं काहीतरी आलं की तो बघतच राहिला. लग्नानंतरच्या त्या खोलीत कागदाभोवती गुडघ्यांवर फिरणाऱ्या मुलीचं ते तोंड होतं. मग तिनं वाकून चोथा वाटीत टाकला. झालं, असं वाटलं त्याला. आणि मग तिचे खांदे उचलले गेले.

चोथा बाहेर आला होता, पण रस आत गेला होता. आधी आवाजच झाला नाही. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाज नाही. मग एक बारीक शीळ, आत ओढलेली. तो उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. त्यानं तिला पुढे वाकवलं, एक हात छातीखाली आणि दुसरा पाठीवर, बाईंनी शिकवलं होतं तसा, तळहाताच्या टाचेनं, खालून वर. एक, दोन, तीन. तिच्या पाठीची हाडं त्याच्या हाताला लागत होती. तिच्या ओठांचा रंग बदलत होता, नि ते बघता बघता त्याच्या मनात आलं, हे आपण चिरलं, जाड, पहिल्यासारखं. चौथ्या की पाचव्या वेळी तिला खोकला आला. खोकला म्हणण्यासारखा नव्हता तो, पण आला, आणि त्यामागून हवा आली. पुढची पाच मिनिटं ती टेबलावर कपाळ टेकून नुसता श्वास घेत राहिली आणि तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. गालिचा झटकणारं माणूस खिडकी लावून घेत होतं.

"असं परत करायचं नाहीस," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका मोठा आला की तो स्वतःच दचकला. "कळलं का? माझ्यासमोर असं मरायचं नाहीस काकडी खाऊन."

तिनं मान वर केली. तोंड लाल, डोळ्यांतून पाणी. तिनं पेन्सिल शोधली. तो वाकून बघत राहिला. तिनं लिहिलं, मीठ कमी आहे.

त्याला हसावं की तिच्या हातातली पेन्सिल काढून मोडावी कळेना. त्यानं खुर्ची उचलून सरळ केली आणि बसला. तिनं तीच पट्टी उलटी केली, मागच्या बाजूला लिहायला. नळी घालून घेते. तुम्ही टेबलाशी बसून खायचं. रोज. आणि कसं लागलं ते सांगायचं. 'सांगायचं'खाली तिनं रेघ मारली. ही रेघ सरळ होती.

"मला सांगता येत नाही ते," तो म्हणाला. "तुला माहितेय. बोलायचं काम तुझं होतं."

तिनं ताटलीकडे बोट केलं. त्यानं मीठ घातलं आणि खाल्लं. सगळं खाल्लं, भांड्यातलंसुद्धा, तिच्या डोळ्यांदेखत. घशाखाली काय जातंय ते त्याला कळत नव्हतं, पण चावण्याचा आवाज होत होता, आणि ती तो ऐकत होती. ती चकती तिनं चावलेली शेवटची गोष्ट. त्यानंतर तिनं कधी मागितलं नाही.

लेकीला संध्याकाळी फोन केला तेव्हा ती पलीकडे रडली, मग म्हणाली, "बाबा, कसं मनवलंत तिला?" तो म्हणाला, "मी नाही मनवलं." एवढंच. नळी पुढच्या आठवड्यात बसली. दोन रात्री इस्पितळात काढून तो तिला घरी घेऊन आला. पोटावर, डाव्या बाजूला, बोटभर लांब रबरी तुकडा आणि त्याला झाकण. परिचारिकेनं त्याला सगळं शिकवलं, सिरिंज किती उंच धरायची, किती सावकाश सोडायचं, नंतर पाणी घालून नळी कशी धुवायची. त्याचे हात या कामाला लगेच सरावले. मालकानं दुपारची दोन तासांची सुट्टी दिली आणि वर म्हणाला, "काटकोन, कापायचं काम सकाळी आटप, बाकीचं आम्ही बघतो." मालक तसा बोलणारा माणूस नव्हता.

अवघड होतं ते दुसरं. तिला खुर्चीत उशांना टेकवून, नळीतून तिचं झालं की तो समोर ताटली घेऊन बसायचा आणि दोन घास झाले की ती भुवया वर करायची. "चांगलं आहे," तो म्हणायचा. भुवया वरच. "म्हणजे बरं आहे." ती पट्टीवर लिहायची, चांगलं म्हणजे काय. तो घाम पुसायचा. तीस वर्षं समोर बसून जेवला होता तो आणि एकदाही त्यानं तोंडात काय आहे याकडे बघितलं नव्हतं. तिकडे ती बघायची. आठवड्याभरानं तो म्हणाला, टोमॅटो आधी आंबट लागतो आणि गिळताना गोड. तिनं मान हलवली, पुढे. मुळा नाकात जातो. नाकात कुठे? वर, डोळ्यांच्या मागे. पानाला तशी चवच नसते, पण ते नसलं तर बाकीचं ओरडल्यासारखं लागतं. हे बोलून त्याचं त्यालाच नवल वाटलं, आपण हे कुठून आणलं म्हणून. ती बघत राहिली. कधी कधी ती ऐकता ऐकता तोंड हलवायची, रिकामंच. तो तेव्हा ताटलीत बघायचा. तिचे शब्द त्या काळात भराभर गेले. पेन्सिल धरवेना तेव्हा पट्ट्या खणात राहिल्या. उरले ते स्वर, आणि तेही मोजके. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगून ठेवलं होतं, या रोगात हसू आणि रडू यांची दारं एकमेकांत उघडतात. ती हसायला लागेल आणि रडेल, किंवा उलटं, तर घाबरू नका, मनातलं असेलच असं नाही.

एका रविवारी दुपारी त्यानं सॅलड केलं. आता सगळं त्याचं तोच करायचा, लसूण ठेचण्यापासून; बाटली हलवताना ती बाटलीकडे बघायची आणि पुरे झालं की डोळे मिटायची. तिला भरवून झालं होतं. ऊन टेबलाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. त्यानं काकडीची एक जाड चकती काट्यानं उचलली, ड्रेसिंग निथळू दिलं आणि तोंडात घातली. दुसऱ्या चाव्याला त्याचं तोंड आखडलं. विषासारखी कडू. टोक कापून चाखून बघायचं असतं, ते तिचं काम होतं, आयुष्यभर तिनं चाखून कडू काकड्या बाजूला काढल्या होत्या आणि त्याच्या ताटलीत एकही आली नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. नेहमीप्रमाणे वाट बघत. त्याच्या मनात आलं, छान आहे म्हणावं. गोड आहे म्हणावं. तिच्या उरलेल्या दुपारींपैकी एक कशाला कडू करायची. त्यानं घास गिळला.

"कडू आहे," तो म्हणाला. "भयंकर कडू आहे गं."

तिच्या तोंडावर काहीतरी हललं. मग तिला हसू फुटलं. खांद्यांपासून, पोटापासून, आवाज नसलेलं, नुसतं गदगदणारं हसू, आणि ते थांबेना, आणि मध्येच कुठेतरी त्याचं रडू झालं, डोळ्यांतून धारा, तोंड वाकडं, आणि परत हसू. त्यातलं रोगाचं किती आणि तिचं किती हे त्याला कळलं नाही. तो उठून तिच्यापाशी गेला, तिची मान आपल्या हातावर घेतली, तोंड पुसलं. हळूहळू ती शांत झाली. तो परत आपल्या जागेवर येऊन बसला. ताटलीत अजून दहाबारा चकत्या होत्या, सगळ्या त्याच काकडीच्या.

तिनं भुवया वर केल्या. ओठ हलवले. "इ-ई?" ती म्हणाली.

किती. किती कडू.

त्यानं दुसरी चकती उचलली, तोंडात घातली, नीट चावली, आणि सांगायला लागला.